हौद्यातला ठोका

पारवा बैल मागच्या हौद्यात चढला की पिकअप थरथरायची. चालताना नव्हे, उभी असताना. स्विच बंद, ब्रेक ओढलेला, वाऱ्याचं नाव नाही, आणि गाडी आपली बारीक बारीक धडधडतेय, जणू शर्यतीची धास्ती बैलाऐवजी तिनंच घेतलीय.

"वैजे, तुझ्या किटला हिवताप आलाय," आप्पांनी हौद्यातूनच जाहीर केलं. "पाटे हुते तवा गाडी गुमान उभी ऱ्हायची."

वैजयंतानं आपल्या सात महिन्यांच्या लेकीला, ओवीला, या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि वडिलांच्या गाडीकडे पाहिलं. खरंच थरथरत होती. हौद्याच्या फळीवर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यात गोल गोल लहरी उठत होत्या.

विटा-आटपाडी रस्त्यावर तिचं गॅरेज होतं आणि विजेच्या पिकअपना 'उठबस किट' बसवून देणं हा तिचा धंदा. डिझेलच्या गाड्या आता लग्नाच्या जुन्या व्हिडिओंतच दिसायच्या. कंपनीतून नवी गाडी यायची ती शहराच्या रस्त्याला बेतलेली, पोटाखाली पाचशे किलोची बॅटरी घेऊन. माणदेशातल्या माळावर नेली की ते पोट दगडाला घासायचं. नुसती उंच करून ठेवावी तर हायवेला खालून वारा शिरायचा, चार्जिंग लवकर संपायचं आणि वळणावर गाडी कलायची. म्हणून वैजू स्प्रिंगांचे लोखंडी पाटे काढून चारही चाकांवर हवेचे बलून बसवायची. बटण दाबलं की गाडी माळावर वीतभर उठायची, हायवेवर चार बोटं बसायची आणि जनावर चढवायचं असेल तेव्हा मागून इतकी खाली यायची, की हातभर फळी टाकली की बैल आपल्या पायानं गोठ्यात शिरल्यासारखा आत जायचा.

शॉकअपमध्ये तिनं वेगळंच तेल भरलं होतं. त्यात लोखंडाची पिठासारखी भुकटी होती. शेजारून वीज सोडली की ते क्षणात घट्ट व्हायचं, बंद केली की पुन्हा पातळ. प्रत्येक चाकाशी एक सेन्सर. सेकंदाला हजार वेळा त्या चाकावरचं वजन मोजायचं आणि खड्डा आला की हौद्याला कळायच्या आत तो गिळून टाकायचा.

आप्पांनी वर्षभर हे किट नाकारलं होतं. लेकीनं बनवलेलं म्हणून कौतुक होतं, पण गाडीला लावायला नको होतं. बावीस दिवसांपूर्वी एकदाचे तयार झाले, तेही पारव्याच्या गुडघ्याला उतरताना फळी लागली म्हणून.

आणि आता हिवताप.

वैजूनं टॅब किटला जोडला. पडद्यावर सपाट रेघ असायला हवी होती, तिथे लहान लहान उंचवटे एकामागून एक चालले होते. तिनं घड्याळ लावून मोजले. मिनिटाला चौपन्न. पंप इतका सावकाश चालत नाही. पंखाही नाही. कुठं काय सैल आहे बघावं म्हणून ती ओवीला घेऊनच फळीवरून हौद्यात चढली आणि पडद्यावर एकदम आणखी दोन रेघा उमटल्या. एक ऐंशीच्या आसपास. दुसरी भलतीच घाईची, एकशे तीस.

ती खाली उतरली. दोन्ही रेघा गेल्या. पुन्हा चढली. दोन्ही आल्या.

त्या घाईच्या रेघेकडे बघताना तिच्या कानात सोनोग्राफीच्या खोलीतला तो आवाज घुमला. मऊ मातीवरून शिंगरू पळत सुटल्यासारखा. तिनं ओवीच्या पाठीवर तळवा ठेवला. तळव्याखाली आणि पडद्यावर एकच चाल होती.

"आप्पा," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना, "हिवताप नाही हो. काळीज आहे हे. पारव्याचं."

शाळेत शिकलेलं तिला आता आठवलं. हृदय प्रत्येक ठोक्याला रक्त वर फेकतं, तेव्हा अंग तितकंच खाली दाबलं जातं. बंदूक झाडली की खांद्याला मागे धक्का बसतो तसं. धक्का इतका हलका असतो, की माणसाला स्वतःचा कधी जाणवत नाही. पण वजनकाट्यावर अगदी स्तब्ध उभं राहिलं तरी काटा किंचित नाचतो, तो यानंच. उठबस किट बसवलेली पिकअप म्हणजे हवेवर तरंगणारा भलामोठा काटाच की. डिझेलच्या इंजिनाच्या हादऱ्यांत हे सगळं बुडून गेलं असतं. विजेची गाडी उभी राहिली की मुकी होते, म्हणून ऐकू आलं. बिचारं किट बैलाच्या ठोक्यांना खड्डे समजून गिळायला बघत होतं आणि त्या धडपडीत थरथरत होतं.

आप्पा पारव्याच्या वशिंडावर हात ठेवून उभे होते. त्यांनी मान वाकवून पडद्यात पाहिलं. "कुठली कुणाची?"

"ही पारव्याची. ही माझी. आणि ही ओवीची."

आप्पा बराच वेळ तिसऱ्या रेघेकडेच बघत राहिले. "लई घाई हाय बाईला," शेवटी ते म्हणाले.

पुढचे दहा-बारा दिवस वैजू हवेवर होती. ओवी दुपारी झोपली की ती पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची आणि झोका देत देत प्रोग्रॅम लिहायची. किट बसवलं त्या दिवशी रिकाम्या गाडीची एक नोंद घेतलेली असते: पंप, पंखा, बॅटरीचं थंड पाणी, यांची स्वतःची थरथर किती. ती वजा करायची. उरेल ते हौद्यातल्या जिवांचं. कान न लावता, पट्टा न बांधता उभ्या बैलाचं काळीज कळायला लागलं. शर्यतीनंतर किती मिनिटांत ठोके खाली येतात, कुठला बैल घाबरलाय, कुठला दमलाय. पाच गावांतून बैलवाले बघायला आले. एकानं विचारलं, "सासूला उभं केलं तर कळंल का वो, आजारी हाय का सोंग करती?" वैजूनं त्याला हाकललं, पण मनात नोंद केली, की माणसंही उभी करता येतील.

आप्पांनी आता सगळ्यांना सांगायला सुरुवात केली होती, की किट लावायची अक्कल आपलीच.

बोरजाईच्या माळावरचं शर्यतीचं मैदान हे त्या भागातलं सगळ्यात मोठं. आप्पा तीस वर्षं तिथे बैल नेत होते आणि एकदाही फायनलला पोचले नव्हते. या खेपेला त्यांचा पैरा सोपान गळव्यांशी होता. पैरा म्हणजे दोन मालकांनी एकेक बैल आणून जोड जुळवायची. एक मागे हटला तर दुसऱ्याचंही मैदान बुडालं. सोपानचा ढग्या आणि आप्पांचा पारवा अशी जोड गटात पहिली आली. दुपारी सेमी-फायनलही मारली. लाउडस्पीकरवरचा निवेदक नावं घेताना ओरडत नव्हता, जवळजवळ गात होता. ओवीला नवऱ्याकडे सोपवून आलेली वैजू गर्दीत टाचा उंचावून इतकी नाचली, की तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

फायनलला पाऊण तास होता. पारव्याला सावलीत, हौद्यात उभं केलं. आप्पा नेहमीप्रमाणे त्याच्या मानेला टेकून. वैजूनं टॅब उघडला तो केवळ हौस म्हणून.

ठोका. ठोका. मग मोकळी जागा. दोन ठोके घाईघाईनं. पुन्हा मोकळी जागा.

तिनं टॅब बंद करून चालू केला. केबल काढून लावली. तेच. पडद्यावर पारव्याच्या नावापुढे लाल ठिपका लुकलुकत होता.

"आप्पा," ती म्हणाली. "पारव्याचा ठोका चुकतोय. असा पळवला तर पळायच्या चाकोरीतच कोसळेल."

सोपान गळवे ढग्याला पाणी दाखवत होता, तो बादली तशीच टाकून आला. धिप्पाड माणूस, गळ्यात टॉवेल, डोळ्यांत दोन सामने जिंकल्याची झिंग. "काय म्हणतीस बाई? आत्ता सेमी मारली त्यानं. मैदान काय मोबाईलवर खेळायचं का?"

मैदानावरच्या जनावरांच्या डॉक्टर मुल्लाबाईंना बोलावलं. त्यांनी पारव्याच्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावला आणि डोळे मिटून पूर्ण दोन मिनिटं ऐकलं. "दमलाय थोडा. बाकी एकदम ठणठणीत. घड्याळ लावून घ्यावं असं चाललंय."

"ऐकलं?" सोपान म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणतात ठणठणीत. तुझा पत्रा म्हणतो आजारी. आता कुणाचं ऐकायचं?"

टॅबवर लाल ठिपका लुकलुकत होता. तिनं आप्पांकडे पाहिलं. आप्पा पारव्याच्या कानामागे खाजवत होते, सावकाश, त्याच्याकडून कुठलातरी निरोप ऐकून घेत असल्यासारखे.

"पळवायचा न्हाई," ते म्हणाले.

"आप्पा, लेका, फायनल हाय!"

"माझ्या पोरीची मशीन अजून चुकली न्हाई. सोपाना, तुझं मैदान माझ्यापायी बुडालं. काय बोलायचं ते मला बोल, तिला न्हाई." आप्पा फळीवरून खाली उतरले, गाडीला पाठ लावून मातीत बसले आणि दोन्ही हातांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

तीस वर्षं. आपल्या एका शब्दावर. वैजूला रडू फुटणार होतं, म्हणून तिनं मान खाली घातली आणि टॅबकडे पाहिलं.

रेघ स्वच्छ होती. ठोका, ठोका, ठोका. लाल ठिपका नव्हता.

"सुधारला," ती पुटपुटली. "आप्पा, सुधारला तो."

आप्पा धडपडत उठले आणि वर चढून पारव्याला बिलगले. ठोका. मोकळी जागा. लाल ठिपका.

वैजूनं रेघेवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाली, "उतरा."

"आत्ता तर चढलोय."

"आप्पा, उतरा."

उतरले. रेघ स्वच्छ.

"चढा आता."

"मला काय कोंबडी समजतीस का?" पण चढले. रेघ तुटली.

"सोपानदादा, पारव्याला खाली घ्या. आप्पा, तुम्ही वरच थांबा." तिचा आवाज असा काही निघाला, की सोपाननं वाद घातला नाही. त्यानं दावं धरून बैल खाली आणला. आता हौद्यात आप्पा एकटे, हातात काढलेला फेटा.

पडद्यावर पारव्याच्या नावाची रेघ चालूच होती. बैल जमिनीवर उभा राहून कडबा हुंगत होता आणि त्याचा ठोका हौद्यात चुकत होता.

किट बसवलं ती सकाळ वैजूच्या डोळ्यांपुढे आली. रिकाम्या गाडीची नोंद घ्यायची म्हणून तिनं सगळं उतरवायला लावलं होतं. कडबा, पाण्याचा ड्रम, पारवा, सगळं. आप्पा नव्हते उतरले. खाली बांधलेल्या पारव्याला आप्पा दिसले नाहीत तर तो दावं तोडतो, म्हणून ते हौद्याच्या काठावर त्याच्या नजरेसमोर बसून राहिले होते. बैलवाले बसतातच. मालक पुढे केबिनमध्ये आणि बैल मागे एकटा, असं त्या माळावर कुणी कधी करत नाही. आणि वैजूनं? तिनं त्यांना पाहिलं होतं आणि पाहिलंच नव्हतं. लहानपणापासून आप्पा हौद्यात असायचेच; फळ्या असतात तसे. किटनं त्यांचं काळीज गाडीचा पंप म्हणून नोंदवून घेतलं होतं. त्या दिवशी गॅरेजमध्ये हौद्यात चार जीव होते आणि पडद्यावर रेघा तीनच. तिला मोजावंसंही वाटलं नव्हतं. ठोके सरळ होते तोवर किट ते गुपचूप वजा करत राहिलं. आज ते बिघडले, वजा होईनात, आणि किटनं उरलेलं सगळं पारव्याच्या नावावर टाकलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "यांना ऐका."

मुल्लाबाई एका ढांगेत वर चढल्या आणि तोच स्टेथोस्कोप आप्पांच्या सदऱ्याखाली सरकवला.

"अवो, तुम्ही बैलांच्या डॉक्टर," आप्पा संकोचून म्हणाले.

"गप बसा. श्वास घ्या." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "धाप कधीपासून लागते?"

"धाप कसली. परवा कडबा उतरताना जरा छातीवर वलं घोंगडं टाकल्यागत झालं. थंडी म्हणलं."

"आणि आज?"

आप्पांनी लेकीकडे चोरून पाहिलं. "आज मैदान हुतं."

मुल्लाबाईंनी पर्समधून स्वतःची ॲस्पिरिनची गोळी काढून त्यांना चावायला लावली. वैजूला फक्त एवढंच म्हणाल्या, "विट्याला. आत्ता."

आणि आप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे पारव्याला कायबी झालेलं न्हाई? मग पळू दे की गं! वीस मिन्टं ऱ्हायल्यात. एवढी फायनल बघतो आणि निघू."

"नाही."

"तीस वरसं, वैजे."

वैजूनं फळी ओढून घेतली, हौद्याचा मागचा फाळका लावला, केबिनमध्ये शिरली आणि बटण दाबलं. चारही बलून भरले. पिकअप वीतभर, मग आणखी चार बोटं वर उठली. छातीएवढ्या फाळक्यावरून सहासष्ट वर्षांच्या माणसाला आता उडी मारता येणार नव्हती.

"ह्याच्यासाठी लावून घेतलं व्हय तुझं किट!" वरून आप्पा ओरडले. मग त्यांना मैदानाची आठवण झाली. त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढून खाली सोपानच्या अंगावर फेकलं. "हे घे खांद्यावर. माझ्याबिगर जू घेत न्हाई तो. वासावर येईल. आणि बोलू नको त्याच्याशी, तुझा आवाज त्याला आवडत न्हाई!"

सोपान घोंगडं छातीशी धरून नुसता उभा होता. मग त्यानं हातानंच खूण केली, जा.

डांबरी रस्त्यानं एकोणतीस किलोमीटर, माळावरून सतरा. वैजूनं माळ घेतला. पिकअप उंच उठलेली, खाली धोंडे, सुकलेले ओढे, बाभळीची खोडं. स्टीअरिंग हातात उड्या मारत होतं, चाकं खालीवर होत होती; आणि आरशात दिसणारा हौदा मात्र जत्रेत पालखी जपून न्यावी तसा सरळ चालला होता. चाकांनी गिळलेले खड्डे वजा केले, की चालत्या गाडीतही ठोके उरत होते. मुल्लाबाई आप्पांना कडब्यावर निजवून, टॅब मांडीवर घेऊन मागच्या काचेतून ओरडून सांगत होत्या. "चौऱ्याण्णव. तुटतोय अजून. चालव तू." थोड्या वेळानं, "अठ्ठ्याऐंशी." त्यांनी हॉस्पिटलला फोन लावून ठेवला होता, तिकडचे डॉक्टर इकडून पाठवलेल्या रेघा बघत होते. बलूनवर तरंगणाऱ्या गाडीतून काळजाचा आलेख येतोय, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं.

मधेच आप्पांचा आवाज आला. "थांबली का गं गाडी?"

"साठनं चाललीय, आप्पा."

गाडीनं एक सुकलेला ओढा ओलांडला, मग दुसरा. मग काचेवर बोटानं टकटक झाली आणि आप्पा म्हणाले, "वैजे, झक्कास बनवलंयस."

तिनं डोळे पुसले नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर होते.

हॉस्पिटलच्या दारात तिनं गाडी मागून पार खाली बसवली. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलला तो हौद्याच्या बरोबरीला आला आणि आप्पा उचलावेच लागले नाहीत, सरकवले. काळजाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. तासाभरात उघडली. "अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले, आणि वैजूला बाजूला घेऊन बजावलं, की आज त्यांना कसलीही खळबळजनक बातमी द्यायची नाही. चांगली नाही, वाईटही नाही.

बातमी तर आली होती. बाहेरच्या बाकावर बसून तिनं सोपानचा फोन घेतला होता आणि ऐकताना तोंडावर पदर दाबला होता.

साडेपाचला तिला आत सोडलं. आप्पा उशीला टेकून बसले होते. अंगाला वायरी, शेजारी हिरवी रेघ, आकडा बहात्तर. वैजूनं दारातच चेहरा नीट केला आणि आत जाऊन चादर सारखी करू लागली.

"दुसरा," आप्पा म्हणाले.

तिचा हात थांबला. "काय दुसरा?"

"नंबर. दुसरा आला न्हवं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं? मुल्लाबाई आल्या होत्या?"

"पयला आला असता तर तुला तोंड मिटून ठेवता आलं नसतं. पळालाच नसता तर तू माझ्याकडं बघितलं नसतंस. दारातनं आलीस तवाच कळलं." त्यांनी पायावरची चादर खेचून पुन्हा वाकडी केली. "किती फरकानं?"

"मानेएवढ्या." आता तिला थांबवेना. "घोंगड्याच्या वासावर जू घेतलं त्यानं. निम्म्या चाकोरीपर्यंत पुढं होते दोघं. सोपानदादा बोलले नाहीत हो त्याच्याशी, एक शब्द नाही. बैल थांबल्यावर मग त्याच्या गळ्यात पडून रडले, तेव्हासुद्धा आवाज नको म्हणून तोंडात टॉवेल घालून."

आप्पा डोळे मिटून ऐकत होते. सगळी शर्यत त्यांनी मिटल्या डोळ्यांनी पाहिली. शेजारचा आकडा बहात्तर होता, तो बहात्तरच राहिला.

"पाणी पाजलं का त्याला?"

वैजूनं फोन लावला. सोपान म्हणाला, पाणी प्याला, पण वैरणीला तोंड लावत नाही. गाडी ज्या वाटेनं गेली तिकडंच तोंड करून उभा आहे आणि अंधार पडायच्या आत त्याला कुणीतरी न्यायला हवं.

"जा," आप्पा म्हणाले. "गाडी घेऊन जा आणि घरी आण त्याला. ओवी बी वाट बघत असंल."

"तुम्हाला इथं एकटं सोडून?"

आप्पांनी वायरींनी वेढलेला हात थोडा उचलून दाखवला.

"मी कुठं पळतोय? दावणीला बांधलंय की मला. आणि हे बघ, मागं बैलापाशी तू बस. गाडी सोपानला चालवू दे."